मुका हात

दिवसा मी टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला असते.
ट्यूबलाइटसमोर धरायचा टॉवेल, सरकवायचा.
सुटलेला धागा बोटाला आधी कळतो,
डोळ्याला मागाहून.
संध्याकाळी साडेपाचला विडी घरकुलच्या मैदानावर
हजेरीचं रजिस्टर, खोलीची किल्ली, बर्फाची पिशवी.
पगार नाही. पोरी मला रजिस्टरअक्का म्हणतात.

नियम मीच लिहिले होते पुठ्ठ्यावर:
सामानाच्या खोलीत एक मूल आणि एकच मोठा माणूस, असं नको.
घरी सोडायला कुणाच्या गाडीवर एकटी नको.
नरसप्पाकडून कुणी पैसे उसने घ्यायचे नाहीत.
(नरसप्पा फक्की मारतो. वय बेचाळीस,
दहाची नोट आणि शंभराची नोट त्याला सारखीच.)
चिलवेरी अण्णा हसले, "क्लब आहे की तुरुंग हा?"
आणि पुठ्ठा टांगला नेमका पश्चिमेच्या भिंतीवर.
सोलापूरचं ऊन ते. दोन उन्हाळ्यांत
अक्षरं उडाली, खिळा राहिला.

एक मुलगी होती.
नाव सांगणार नाही, तेही माझ्या कामातच येतं.
खांबाला वळसा अशी घालायची
की धूळ तिच्यामागून उशिरा वळायची.
एप्रिलात ती दोन टी-शर्ट घालून यायला लागली,
एकावर एक.
चव्वेचाळीस डिग्रीत.

मी काही विचारलं नाही.
बुटाच्या नाडीची गाठ सोडवत शेजारी बसले,
गाठ नव्हतीच तशी फार.
"अक्का, कुणाला सांगणार नाही ना?"
हो म्हणायला जीभ उचलली होती मी.
"सांगावं लागेल," म्हटलं.
"पण कुणाला सांगते, ते आधी तुला सांगेन."
पलीकडच्या गल्लीत माग चालू होता.
तो थांबला, परत सुरू झाला.
मग ती घरच्या भाषेत बोलली, माझ्याही घरच्या.
"वद्दु म्हटलं होतं मी. वद्दु, वद्दु."

तारीख लिहिली, वेळ लिहिली,
तिचे शब्द तिच्याच क्रमानं.
'वद्दु'चं मी 'नको' केलं नाही.

खो-खोत पाठीला हात लावायचा असतो.
लावताना मोठ्यानं म्हणायचं असतं, खो,
साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं.
नुसता मुका हात लागला तर शिट्टी. फाऊल.
सातवीतल्या पोरींना हे पाठ आहे
आणि शिकवलं कुणी,
तर सरांनीच.

दहा नऊ आठ लावला. पोलीस ठाण्यात
मुबारक बागवान बरोबर आला, बाकावर बसून राहिला,
एकदाही "नक्की ना?" म्हणाला नाही.
अण्णा म्हणाले, "राज्याचं पदक आणलंय बाई त्यांनी."
मी म्हटलं, पदक भिंतीवर आहे.
पोरगी दोन टी-शर्टांत आहे.

पुढचं कोर्टात आहे, ते कोर्टातच राहू दे.
अकरा पोरी यायच्या बंद झाल्या.
एका आईनं रस्त्यात गाठून विचारलं,
"आता आमच्या मुलींशी लग्न कोण करणार?"
कारखान्यातला मुकादम सरांचा साडू.
हल्ली मला काळे टॉवेल देतात तपासायला,
फक्त काळे. ट्यूबलाइट त्यांच्यात बुडते.
मी बोटानं बघते.

खोलीचं दार मुबारकनं बिजागरीसकट काढून टाकलं.
आता शेळ्या आत शिरतात,
एकीनं दोरीची उडी अर्धी खाल्ली.
खाऊ दे.
नरसप्पा पुठ्ठा घेऊन आला, म्हणाला लिही,
आणि स्वतः नेऊन टांगला कडुनिंबाच्या सावलीत.

परवा ती आली.
खेळली नाही. आठ चौकोन बघत उभी राहिली,
एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे.
रजिस्टर ओढून स्वतःची सही स्वतः केली.
टी-शर्ट एक होता की दोन, मी बघितलं नाही.
खोटं कशाला. बघितलं.
दोनच होते अजून.